विंटेज घडणीची अकूस्टिक गिटार : मराठवाड्याच्या हवेत सांभाळायची आणि वाजवायची कशी

एप्रिल-मे महिन्यात परभणी-नांदेडकडे भर दुपारी हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली उतरतो. ऑगस्टच्या झडीत तोच ऐंशीच्या पुढे जातो. प्लायवुडच्या साध्या गिटारला याचं फारसं सोयरसुतक नसतं. पण अख्ख्या लाकडाची, पातळ टॉपची (टॉप म्हणजे तारांखालची पुढची फळी), हलक्या बांध्याची विंटेज घडणीची गिटार घेतली असेल, तर या दोन आकड्यांमधलं अंतर हाच तिचा मुख्य शत्रू. ब्रँड, लाकूड, पिक, तारा या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या. म्हणून या लेखात पाण्याबद्दल बरंच लिहिलं आहे.

विंटेज घडण म्हणजे नेमकं काय

१९३०च्या दशकात आणि त्याच्या आगेमागे अमेरिकेत मार्टिन आणि गिब्सन यांनी स्टीलच्या तारांच्या ज्या गिटारी घडवल्या, तो आजच्या बहुतेक विंटेज घडणीचा नमुना. मार्टिनने १९२९मध्ये चौदाव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, म्हणजे मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) बॉडीला जोडलेली ओएम ही गिटार काढली. ड्रेडनॉट हा मोठा आकार मार्टिनच्या स्वतःच्या नावाने १९३१मध्ये आला आणि १९३४मध्ये तोही चौदा फ्रेटचा झाला. गिब्सनची जे-४५ १९४२ची. या काळातल्या गिटारींच्या टॉपखालच्या पट्ट्या, म्हणजे ब्रेसेस, मधे कोरून हलक्या केलेल्या असत. लोक जाड तारा लावू लागले, टॉप फुगू लागले, तेव्हा मार्टिनने १९४४च्या अखेरीस हे कोरणं थांबवलं. आजच्या विंटेज घडणीत ते मुद्दाम परत आणलेलं असतं. त्यामुळे जाड तारांचा धोकाही सोबत आलाच.

दुकानात कागदावर हे शब्द दिसतील: अ‍ॅडिरॉन्डॅक म्हणजे रेड स्प्रूसचा टॉप, कोरलेलं ब्रेसिंग, साउंडहोलकडे (टॉपवरच्या गोल भोकाकडे) सरकवलेला ब्रेसेसचा एक्स, सरसाने केलेले जोड, नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर, हाडाचा नट, ब्रिजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारं लांब सॅडल, उघड्या गिअरच्या खुंट्या. नट म्हणजे खुंट्यांच्या माथ्याशी, हेडस्टॉकपाशी, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी; ब्रिज म्हणजे तारा बॉडीवर जिथे अडकतात तो तुकडा, आणि सॅडल त्याच्यावरची, तारा टेकतात ती कड. सरस म्हणजे आपल्याकडचे जुने सुतार गरम करून वापरायचे तोच जनावरांच्या कातड्याचा सरस. तो वाळला की काचेसारखा कडक होतो आणि लाकडाची थरथर गिळत नाही. मात्र साठ अंशांच्या आसपास तो नरम पडू लागतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डिकीत ही गिटार ठेवू नये, याचं कारण हे. ब्रिज उचकटून आला तर गिटार बनवणाऱ्याचा दोष नाही.

बाजू आणि पाठ महोगनीची की शिसवीची, हा प्रश्न हटकून येतो. मार्टिनने १९६९पासून ब्राझिलियन रोजवूडऐवजी भारतीय रोजवूड वापरायला सुरुवात केली. ते म्हणजे आपली शिसवी, जुन्या वाड्यांतल्या पलंगांची आणि देव्हाऱ्यांची. शिसवीचा आवाज खोल आणि रेंगाळणारा, महोगनीचा कोरडा, चटकन विरणारा. गळ्यासोबत वाजवायचं असेल तर आमचं मत महोगनीला. गाणाऱ्याच्या शब्दांवर तिची सावली कमी पडते. परदेशातून गिटार आणायची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: ब्राझिलियन रोजवूड १९९२पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे, परवान्याशिवाय ते सीमा ओलांडू शकत नाही. भारतीय शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९च्या अखेरीपासून त्या परवान्यातून सूट आहे.

घेताना चार गोष्टी हातात घेऊन तपासा. नटची रुंदी ४३, ४४.५ की ४६ मिलिमीटर. बोटांनी छेडणाऱ्याला रुंद नट सोयीचा, पिकवाल्याला ४३ही चालतो. नेकची पाठ गोल की व्ही आकाराची. व्ही अंगठा वरून घेणाऱ्यांसाठी चांगली, पण लहान हाताला दहा मिनिटांत कळ लागते, त्यामुळे अर्धा तास वाजवल्याशिवाय ठरवू नका. तिसरी, नेकमध्ये तिचा बाक कमी-जास्त करणारा, फिरवता येणारा ट्रस रॉड आहे की नाही. मार्टिनने असा रॉड १९८५मध्ये स्वीकारला. त्याआधी आतमध्ये न हलणारी पोलादी पट्टी असे, आणि काही काटेकोर विंटेज प्रतींमध्ये आजही तीच असते. तशी गिटार मराठवाड्यात घेणं म्हणजे बाक दुरुस्त करायचा सोपा मार्गच बंद करणं. फिरणारा रॉड असलेलीच घ्या. जुन्या घडणीच्या हौसेसाठी एवढी तडजोड करायला हरकत नाही. चौथी, लांब सॅडल चिकटवलेलं आहे की सुटं, हे विकणाऱ्याला विचारून घ्या. हा प्रश्न पुढे कामाला येतो.

ओलावा मोजायचा, मग बाकी सगळं

या गिटारींना ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. ४० ते ६० चालून जातं. चाळीसच्या खाली काही आठवडे गेले की टॉप आक्रसतो, आणि स्प्रूस आडवा आक्रसत असल्याने फट उभी, रेषांच्या दिशेने पडते.

डिजिटल आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, पण नवा असला तरी पाच-सात टक्के खोटं बोलू शकतो. तो घरीच तपासता येतो. बाटलीच्या झाकणात अर्ध्यापर्यंत साधं मीठ घ्या, त्यात आठ-दहा थेंब पाणी टाका. मीठ ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे, विरघळता कामा नये. हे झाकण आणि मापक झिप लावलेल्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी मापक ७० दाखवत असेल तर तो पाच कमी दाखवतो. तेवढं त्याच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा. मापक खोलीत नव्हे, गिटारच्या केसमध्ये ठेवायचा, हेडस्टॉकच्या बाजूला.

कोरडेपणाची खूण आधी हाताला कळते. नेकच्या कडेवरून बोट फिरवलं की फ्रेटची टोकं बोचतात, कारण फ्रेटबोर्ड आक्रसला आणि धातू तेवढाच राहिला. मग साउंडहोलच्या मागे टॉप किंचित खाली बसतो, तारा खाली येतात, आणि काल स्वच्छ वाजणारा सूर आज खरखरतो. पावसाळ्यात उलट: टॉपचं पोट ब्रिजमागे वर येतं, तारा उंच होतात, आवाज ओल्या पखवाजासारखा बसका होतो. या दोन्ही वेळा लोक लगेच पाना हातात घेतात. तसं करू नका. आधी ओलावा ४५-५०वर आणा, आठवडाभर तिथे टिकवा, मगच मोजा.

उन्हाळ्यासाठी घरगुती उपाय: प्लास्टिकची साबणदाणी, तिच्या झाकणाला दहा-बारा भोकं, आत स्पंज. स्पंज भिजवून इतका पिळायचा की जोरात दाबूनही थेंब गळणार नाही. अशी एक साबणदाणी हेडस्टॉकपाशी आणि दुसरी नेकच्या बुडाशी, बॉडीला न टेकता. एप्रिल-मे महिन्यात दर दोन-तीन दिवसांनी ती सुकते, हिवाळ्यात आठ-दहा दिवस टिकते. पाणी बोअरचं नको. आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार स्पंजमध्ये साचून तो दगड होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कोणत्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं. बाटलीवर तेच लिहिलंय ना, ॲसिड तर नाही ना, हे वाचून घ्या. फिल्टरचं आरओ पाणीही चालतं. ४९ टक्क्यांवर थांबणाऱ्या दुतर्फी, म्हणजे ओलावा देणाऱ्या आणि शोषणाऱ्याही, पुड्या मिळतात, त्या चांगल्या आहेत, पण आपल्या उन्हाळ्यात लवकर वाळून कडक होतात. खर्च परवडत असेल तर पुड्या, नसेल तर साबणदाणी. दोन्ही एकाच केसमध्ये नकोत. पुडी स्पंजचं पाणी पिऊन फुगते आणि मग कुणाचाच आकडा खरा राहत नाही.

आता कूलर. मराठवाड्यातल्या घरात मे महिन्यात सगळ्यात मोठा घोळ तोच घालतो. चालू असताना खोलीतला ओलावा साठ-सत्तरच्या वर, लाइट गेली की तासाभरात पुन्हा पंचवीसवर. गिटारला एकाच आकड्यापेक्षा हा झोका जास्त बाधतो. त्यामुळे कूलरच्या झोतात गिटार उघडी ठेवायची नाही, वाजवून झाली की केसमध्ये घालून केसची कडी लावायची. बंद केसमध्ये आकडा हळू बदलतो. एसी असेल तर तो उलट हवा सुकवतो. साबणदाणी दुप्पट वेळा बघावी लागेल.

खोली कोणती, हेही महत्त्वाचं. जुन्या घराचं माळवद असेल तर तिथली आतली खोली उत्तम. मातीच्या जाड छताखाली तापमान फार वरखाली होत नाही. वरच्या मजल्यावरचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकतो आणि पत्र्याखाली तर गिटार ठेवायचीच नाही. पश्चिमेच्या भिंतीवर खुंटीला टांगणं दिसायला छान असतं, एवढंच. केस जमिनीवर भिंतीला लावून ठेवू नका. वाळवी भिंतीच्या सांध्यातून येते आणि केसचं प्लायवुड तिला खूप आवडतं. लोखंडी कपाटात किंवा चार बोटं उंच पाटावर ठेवा.

पावसाळ्यात शंभर-दीडशे ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत बांधून केसमध्ये टाका. रंग बदलला की वेगळ्या तव्यावर मंद आचेवर परतून सुकवा. तो तवा परत स्वयंपाकघरात जायचा नाही, निळ्या दाण्यांवर कोबाल्टचं क्षार असतं. डांबरगोळ्या मात्र केसमध्ये अजिबात टाकू नका. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं नरम पडतात.

लॅकरचंही एक सांगायला हवं. नायट्रोसेल्युलोज लॅकर आयुष्यभर किंचित कच्चंच राहतं. सॅनिटायझरचा हात, अत्तर, डास पळवायचं क्रीम लावलेलं कोपर, स्वस्त स्टँडचं रबर, यापैकी कशानेही डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. संध्याकाळी अंगणात वाजवायला बसणाऱ्याने डासांचं क्रीम पायाला लावावं, उजव्या हाताला नाही. हिवाळ्यात परभणीत पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली जातो. अशा पहाटे प्रवासातून आलेली केस घरात येताच उघडली तर थंड लॅकर तडकून बारीक रेघा पडू शकतात. चार-पाच तास केस बंदच राहू द्या.

तारा

कोरलेल्या ब्रेसिंगसाठी ०.०१२ ते ०.०५३ इंचांचा संच पुरेसा. तो सुरात असताना सहा तारा मिळून टॉपला अंदाजे ७३ किलोने ओढतात, ०.०१३ ते ०.०५६चा संच ८४ किलोच्या आसपास. मोठ्या ड्रेडनॉटवर बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच दुसरा संच. फॉस्फर ब्राँझच्या तारा शिसवीच्या गिटारवर गोड वाटतात, ८०/२० ब्राँझच्या महोगनीवर खुलतात. पण हे ऐकून ठरवायचं.

बदलताना एकावेळी दोन-दोन तारा सैल करत जा, सहाही झटक्यात कापू नका. तार ब्रिजमध्ये धरून ठेवणारी पिन अडकली असेल तर साउंडहोलमधून हात घालून खालून नाण्याने वर ढकला. वरून पक्कडीने ओढली की ब्रिजची कड फुटते. नव्या तारेच्या टोकाचं बोंड किंचित वाकवून भोकात घाला, पिन बसवा, पिन अंगठ्याने दाबून धरून तार वर ओढा. बोंड आतल्या मेपलच्या पट्टीला टेकल्याची ठक जाणवली पाहिजे. ते पिनच्या टोकावर अडकलं तर सूर चढवताना पिन गोळीसारखी उडते. खुंटीच्या पुढे पाच-सहा सेंटीमीटर सोडून वळवा. जाड तारेला दोन फेरे, बारीक तारेला तीन-चार. फेरे खालच्या बाजूला जावेत, एकमेकांवर चढू नयेत.

तारा निघाल्या आहेत तोवर फ्रेटबोर्ड पुसून घ्या. वर्षातून दोनदा, एकदा मार्चमध्ये आणि एकदा दिवाळीनंतर, मिनरल ऑइलचे चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन लावा आणि दहा मिनिटांनी कोरडं पुसा. खोबरेल किंवा तीळ तेल लावायचं नाही, ते खवट होऊन चिकट थर धरतं.

सेटअप : बाक, उंची, सॅडल

दोन हत्यारं लागतात. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी आणि फट मोजायच्या पातळ पात्यांचं फिलर गेज. फिलर गेज टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टवाल्याकडे मिळतं, टॅपेट सेट करायला वापरतात तेच.

गिटार सुरात लावून मांडीवर धरा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), उजव्या हाताने जाड तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांत किती फट आहे ते गेजने पाहा. ०.१० ते ०.२५ मिलिमीटर योग्य. त्याहून जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने एक अष्टमांश फेरा, कमी असेल तर उलट. मार्टिनच्या रॉडला लांब दांड्याचा ५ मिलिमीटरचा अ‍ॅलन पाना साउंडहोलमधून लागतो. गिब्सनच्या रॉडचा नट हेडस्टॉकवर, झाकणाखाली असतो. फिरवून पंधरा मिनिटं थांबा, परत सुरात लावा, परत मोजा. एका दिवसात पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. ट्रस रॉड फक्त नेकचा बाक सुधारतो. तारांची उंची कमी करायला तो फिरवणं ही सर्रास होणारी चूक.

बाक जागेवर आला की कॅपो काढून बाराव्या फ्रेटवर उंची मोजा: जाड तारेखाली २.४, बारीक तारेखाली १.६ ते १.८ मिलिमीटर. जास्त असेल तर सॅडल घासायचं, आणि हिशेब दुप्पट: बाराव्या फ्रेटवर ०.६ कमी हवी असेल तर सॅडलमधून १.२. सॅडल काढून पेन्सिलने रेघ मारा, सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि सॅडलचं बूड, फक्त बूड, सरळ धरून घासा. शेवटची फेर २२० नंबरवर. बूड तिरपं झालं तर आवाज एका बाजूला मरतो. अंदाज चुकला तर हाड परत वाढत नाही, म्हणून रेघेच्या अलीकडे थांबून एकदा बसवून बघा.

आपल्याकडे हुशार वादक दोन सॅडल ठेवतात. उन्हाळी सॅडल किंचित उंच, कारण टॉप बसतो. पावसाळी सॅडल अर्धा मिलिमीटर ठेंगणं. सुट्या सॅडलवर हा बदल पाच मिनिटांचा. पण चिकटवलेलं लांब सॅडल असेल तर ते पक्कडीने ओढू नका. ब्रिजची भिंत तुटते. त्या गिटारला दोन सॅडलचा खेळ नाही. तिचा ओलावाच वर्षभर स्थिर ठेवावा लागतो. घेतानाच विचारा असं वर म्हटलं ते यासाठी.

सॅडल घासून घासून ब्रिजच्या वर जेमतेम दोन मिलिमीटर उरलं आणि तारा तरी उंच असतील, तर फ्रेटवर लांब सरळ पट्टी ठेवून तिचं टोक ब्रिजकडे बघा. ते ब्रिजच्या माथ्याला टेकलं किंवा किंचित वरून गेलं तर नेक ठीक. ब्रिजच्या पोटात धडकलं तर नेक सोडवून पुन्हा बसवावा लागेल. सरसाचा डव्हटेल, म्हणजे खाचेत बसवलेला, जोड वाफेने सुटतो, पण हे काम गिटार बनवणाऱ्याचंच. पेटी-तबला दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊ नका, तो कितीही चांगला असला तरी. नांदेडकरांना हैदराबाद, धाराशिवकरांना पुणे बरं पडतं.

टॉपला फट पडलीच तर पांढरा गम किंवा झटपट चिकटणारा गम भरू नका. आठ-दहा दिवस केसमध्ये ५० टक्के ओलावा ठेवा. बहुतेक फटी मिटून केसाएवढ्या होतात. मग कारागीर आत सरस सोडून खालून लाकडाचे छोटे ठोकळे लावतो. उघड्या फटीत भरलेला गम पावसाळ्यात टॉप फुगला की बाजूला नवी फट पाडतो.

पेटीसोबत वाजवताना

गावोगावच्या भजनात किंवा सुगम गायनात गिटार घेऊन बसलात तर गायक सी शार्प म्हणणार नाही, काळी एक म्हणेल. पांढरी एक म्हणजे सी. काळी एकला सीचे आकार, म्हणजे सी सुरातल्या कॉर्डसाठी बोटांची ठेवण, कॅपो पहिल्या फ्रेटवर, किंवा एचे आकार चौथ्यावर. काळी दोनला डीचे आकार पहिल्यावर. काळी चारला जीचे आकार पहिल्यावर, आणि काळी पाचला एचे आकार पहिल्यावर किंवा जीचे तिसऱ्यावर. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे, हलक्या दाबाने. जोरात आवळला की तारा चढतात. लावल्यावर पुन्हा सूर तपासा. जुन्या पेटीचा ए हा सूर नेमका प्रमाण ४४० हर्ट्झवर नसतो. तिचा ए वाजवून ट्यूनरचा संदर्भ ४४२, ४४५ असा जुळेपर्यंत सरकवा आणि मग त्यावर गिटार लावा. पेटीला गिटारकडे आणता येत नाही.

भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत पहिल्या आणि पाचव्या मात्रेला अंगठ्याने जाड तार, मधल्या मात्रांना वरच्या तीन तारा, एवढ्यावर सुरुवातीला थांबा. पखवाज-टाळ सुरू झाले की आवाजासाठी झोडपू नका. रेड स्प्रूस जोराचा आघात सहन करतो, पण टाळांशी स्पर्धा कोणताच टॉप जिंकत नाही. १ ते १.४ मिलिमीटरचा कडक पिक साउंडहोल आणि ब्रिज यांच्या मधोमध चालवा. ब्रिजकडे सरकलात तर आवाज टोचतो, नेककडे गेलात तर विरघळतो. माइक असेल तर तो साउंडहोलसमोर नको, तिथे घुमतो. बाराव्या फ्रेटकडे तोंड करून वीस-पंचवीस सेंटीमीटरवर ठेवा. पिकअपसाठी (गिटारचा आवाज तारेने स्पीकरकडे नेणाऱ्या यंत्रासाठी) बुडाला भोक पाडायचा आग्रह मंडपवाला करेल; आधी टॉपला आतून चिकटवायचा पिकअप वापरून पाहा. चिकटवलेल्या लांब सॅडलखाली पिकअप बसवायचा म्हणजे सॅडल फोडून काढणं.

देवगिरीसारख्या रात्रीच्या गाडीने जायचं असेल तर कडक केस आणि वरचा बर्थ. डोक्याशी केस, हेडस्टॉक खिडकीच्या बाजूला. तारा एक-दोन सूर उतरवून ठेवा, पूर्ण सैल करू नका, नाहीतर नेक उलटा ताणला जाऊन पोचल्यावर खरखर ऐकू येते. केसमध्ये हेडस्टॉकखाली आणि तिच्या दोन्ही अंगांना टॉवेलची घडी दाबून बसवा. गिटार केसमध्ये हलत असेल तर धक्क्याने पहिला तडा नटच्या मागेच जातो, कारण नेक तिथे सगळ्यात बारीक असतो.